निवांत टेकडीच्या आखणीसाठी एक नकाशा: ऑर्डनन्स सर्व्हे एक्सप्लोरर ३३६

ब्रिटनची राष्ट्रीय नकाशा संस्था असलेल्या ऑर्डनन्स सर्व्हेच्या एक्सप्लोरर मालिकेतील ३३६ क्रमांकाचे पत्रक ‘बिगर आणि ब्रॉटन’ या नावाने विकले जाते. नारिंगी मुखपृष्ठाचा हा घडीचा नकाशा दक्षिण स्कॉटलंडमधील ज्या भागाचा आहे, तो भाग पर्यटकांच्या यादीत क्वचितच येतो. स्कॉटलंडला येणारी बहुतेक मंडळी या भागातून जाणाऱ्या महामार्गाने थेट उत्तरेकडच्या उंच पर्वतांकडे जातात आणि परतताना पुन्हा त्याच वेगाने निघून जातात. या परीक्षणात मी नकाशाकडे एकाच कामाच्या दृष्टीने पाहणार आहे. ते काम म्हणजे कल्टर फेल या ७४८ मीटर उंचीच्या टेकडीवर एका दिवसात जाऊन येण्याची आखणी. माझे मत आरंभीच सांगतो. हा नकाशा टेकडीवर हातात धरण्यासाठी जितका उपयोगी आहे, त्याहून कितीतरी अधिक तो आदल्या संध्याकाळी टेबलावर पसरून बसण्यासाठी उपयोगी आहे, आणि त्याच्या उणिवाही त्या टेबलावरच ओळखून ठेवाव्या लागतात.

कल्टर फेल शांत का राहिली, हे समजल्याशिवाय नकाशाचे मोल नीट कळणार नाही. स्कॉटलंडमध्ये डोंगर चढणाऱ्यांची पावले याद्यांच्या मागे जातात. ह्यू मन्रो यांनी १८९१ साली ३००० फुटांहून, म्हणजे ९१४ मीटरहून, उंच शिखरांची यादी प्रसिद्ध केली. आज तिच्यात २८२ शिखरे आहेत आणि ती सर्व ‘पूर्ण’ करण्याच्या ध्यासापायी त्यांच्यावरील वाटा रुंद, झिजलेल्या आणि दुरूनही दिसणाऱ्या झाल्या आहेत. कल्टर फेल त्या यादीत बसत नाही. पर्सी डोनाल्ड यांनी १९३५ साली केलेल्या दक्षिणेकडील, २००० फुटांवरच्या टेकड्यांच्या यादीत तिला स्थान आहे, परंतु त्या यादीमागे धावणारे लोक थोडे आहेत. परिणामी येथे पुढे चालणाऱ्या कोणाच्या तरी पाठीकडे पाहून चालत राहावे, अशी सोय नाही. गजबजलेल्या डोंगरावर वाट दाखवण्याचे जे काम गर्दी आपोआप करते, ते येथे कागदाला करावे लागते. म्हणूनच प्रसिद्ध शिखरावर नकाशाशिवाय निभावून नेणाऱ्या माणसालाही अशा कमी उंचीच्या, निरुपद्रवी वाटणाऱ्या टेकडीसाठी चांगला नकाशा लागतो.

एक्सप्लोरर मालिकेचे प्रमाण १:२५,००० आहे, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर ४ सेंटीमीटर होतो. याच संस्थेची गुलाबी मुखपृष्ठाची लँडरेंजर मालिका १:५०,००० प्रमाणाची आहे. २०४ पत्रकांत ती सारा ग्रेट ब्रिटन सामावून घेते आणि तिच्यातील ७२ क्रमांकाच्या पत्रकावर कल्टर फेल आहे. पुष्कळ अनुभवी चालणारे स्कॉटलंडसाठी लँडरेंजरच पुरेसा मानतात, आणि मोठ्या डोंगररांगेवर दिवसभर चालायचे असेल तर त्यांचे म्हणणे मला पटते, कारण त्या प्रमाणात डोंगराचा आकार एका नजरेत येतो आणि दूरवरची शिखरे ओळखता येतात. मात्र लँडरेंजरवर शेतांची आणि कुरणांची कुंपणे दाखवलेली नसतात. एक्सप्लोररवर ती बारीक काळ्या रेघांनी दाखवलेली असतात. मळलेली वाट नसलेल्या टेकडीवर हा एक फरक इतका निर्णायक ठरतो की मला या विशिष्ट कामासाठी दोन मालिकांमधील निवड अवघड वाटत नाही.

आता प्रत्यक्ष आखणीकडे वळू. बिगर हे गाव ए७०२ रस्त्यावर आहे. त्याच रस्त्याने नैर्ऋत्येला थोडे पुढे गेले की कूल्टर हे छोटे गाव लागते आणि तेथून एक अरुंद रस्ता कल्टर वॉटर या प्रवाहाच्या काठाने दक्षिणेकडे टेकड्यांत शिरतो. कल्टर ॲलर्स शेताच्या पुढे रस्त्याची उंची सुमारे २५० मीटर असते, आणि तेथून पूर्वेकडून येणाऱ्या किंग्ज बेक या ओढ्याच्या अंगाने चढ सुरू होतो. नकाशावर हा भाग पाहिला की चढणीचे स्वरूप लगेच उलगडते. ओढ्याच्या काठाने समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, विरळ आहेत, मग किंग्ज बँक हेडकडे चढणाऱ्या सोंडेवर त्या एकमेकींना भिडू लागतात आणि धारेवर पोहोचल्यावर पुन्हा मोकळ्या होतात. म्हणजे श्रमाचा मोठा वाटा मधल्या टप्प्यात आहे. शेवटचा माथा गाठताना दम राखून ठेवण्याची चिंता नाही, हे घरी बसल्या बसल्या कळते.

येथे एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. एक्सप्लोरर मालिकेत समोच्च रेषांमधील अंतर सरसकट सारखे नाही. बहुतेक पत्रकांवर ते ५ मीटर असते, तर काही डोंगराळ पत्रकांवर १० मीटर. उतार किती तीव्र आहे याचा अंदाज डोळ्यांनी बांधणाऱ्याने आधी चिन्हसूचीत हे अंतर पाहून घ्यावे. या प्रमाणावर दोन रेषांमध्ये एक मिलिमीटर अंतर असेल, तर १० मीटरच्या हिशेबाने तो उतार सुमारे २२ अंशांचा होतो आणि ५ मीटरच्या हिशेबाने केवळ ११ अंशांचा. पहिल्या उतारावर ओल्या गवतातून उतरताना काठी टेकत जावे लागते, दुसऱ्यावर गप्पा मारत चालता येते. दोन शेजारची पत्रके एकत्र वापरणाऱ्याला याचा घोटाळा विशेष होऊ शकतो, आणि इतक्या महत्त्वाच्या गोष्टीचा उल्लेख मुखपृष्ठावर ठळकपणे न करता चिन्हसूचीच्या गर्दीत करणे हा या मालिकेच्या रचनेतील दोष आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेळेचा हिशेब मांडण्यासाठी मी अजूनही नेस्मिथचा नियम वापरतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली तो मांडला. आजच्या मापांत सांगायचे तर दर ५ किलोमीटरला एक तास धरावा आणि चढाईच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास मिळवावा. किंग्ज बेकने चढून माथ्यावरून दक्षिणेकडे मॉस लॉवरून होल्म निक या खिंडीकडे उतरायचे, तेथून पश्चिमेला कल्टर वॉटरहेड जलाशयाकडे येणाऱ्या वाटेला लागायचे आणि जलाशयापासून रस्त्याने मूळ ठिकाणी परतायचे, असा फेरा नकाशावर दोरा ठेवून मोजला तर तो सुमारे १२ किलोमीटर भरतो. चढाई ५०० मीटरच्या आसपास. नियमाप्रमाणे सव्वातीन तास होतात, पण हा आकडा न थांबता चालणाऱ्या, धडधाकट आणि पाठीवर फारसे ओझे नसलेल्या माणसाचा आहे. जेवण, छायाचित्रे, कुंपण ओलांडण्यासाठी जागा शोधणे आणि हेदरच्या झुडपांतून पाय उचलून टाकणे हे सारे धरून मी पाच तास गृहीत धरतो. लहान मुले किंवा प्रथमच चालणारे कोणी सोबत असतील तर होल्म निकचा फेरा सोडून आल्या वाटेनेच परतावे.

आता कुंपणाची गोष्ट. पूर्वीच्या लॅनर्कशर आणि पीबल्सशर या परगण्यांची, आणि आताच्या साउथ लॅनर्कशर आणि स्कॉटिश बॉर्डर्स या प्रशासकीय विभागांची सीमा कल्टर फेलच्या माथ्यावरून जाते, आणि धारेवर सीमेच्या बाजूने कुंपण आहे. एक्सप्लोररवर ही रेघ शोधून तिच्यावर बोट फिरवणे, हे या टेकडीच्या आखणीतील सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे. ढग खाली उतरले आणि दहा पावलांपलीकडचे दिसेनासे झाले, तरी जिन्याच्या कठड्याला धरून अंधारात उतरावे तसे कुंपणाला धरून दक्षिणेकडे उतरता येते. कोणत्या ठिकाणी कुंपण आपल्या दिशेने वळते, कोणत्या ठिकाणी त्याला दुसरे कुंपण येऊन मिळते आणि कोणत्या ठिकाणी ते सोडून उजवीकडे वळायचे, हे तीन बिंदू आदल्या दिवशी पेन्सिलीने टिंबे करून ठेवले की माथ्यावर वाऱ्यात नकाशा उलगडण्याची वेळ फारशी येत नाही. लँडरेंजरवर हे जमणारच नाही.

परंतु येथेच एक्सप्लोररची एक जुनी उणीव समोर येते. त्याची बारीक काळी रेघ म्हणजे तारेचे कुंपण, दगडी गडगा किंवा आणखी काही असू शकते. नकाशा त्यांत भेद करत नाही. चालणाऱ्याच्या दृष्टीने हा भेद मोठा आहे. गडग्याच्या आडोशाला बसून जेवता येते, तो बर्फातही दिसतो आणि त्याच्यावरून चढून जाणे योग्य नाही, कारण दगड निखळले की मेंढपाळाचे काम वाढते. तारेचे कुंपण आडोसा देत नाही आणि कधी कधी केवळ कलंडलेल्या खांबांच्या रूपाने उरलेले असते. पर्थशरमधील डून या गावी असलेल्या हार्वी या खासगी नकाशा कंपनीचे नकाशे याबाबत चालणाऱ्याचा अधिक विचार करतात. ते गडगा आणि कुंपण वेगळे दाखवतात, खडकाळ भागातील समोच्च रेषा तपकिरीऐवजी करड्या रंगात छापतात आणि पाण्याने न भिजणाऱ्या हलक्या प्लॅस्टिकसारख्या कागदावर येतात. मात्र हार्वीचे लक्ष लोकप्रिय डोंगरांवर आहे; संपूर्ण देश त्यांनी व्यापलेला नाही. ऑर्डनन्स सर्व्हेचे बळ नेमके उलट आहे. कोणी जात नसलेल्या टेकडीचाही नकाशा त्यांच्याकडे त्याच प्रमाणात आणि त्याच बारकाईने तयार असतो. शांत टेकड्यांच्या चाहत्याला यापेक्षा मोठे आश्वासन दुसरे कोणते हवे?

पायाखालची जमीन कशी आहे, याबाबत मात्र नकाशा अर्धवट बोलतो. दलदल, खरबरीत गवत, हेदर आणि नेचे यांची चिन्हे एक्सप्लोररवर आहेत, पण ती इतकी विरळ आणि सर्वसाधारण आहेत की हेदर घोट्याइतके आहे की गुडघ्याइतके, किंवा पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या, ओल्या जमिनीत बूट किती रुतेल, याचा थांगपत्ता लागत नाही. दक्षिणेकडील या टेकड्यांचे माथे गोलसर आणि गवताळ आहेत. कडे नाहीत, पण धारांमधल्या सपाट खिंडींत पाणी मुरून राहते. म्हणून नकाशावर समोच्च रेषा अचानक विरळ होऊन जिथे रुंद, सपाट खिंड दिसते, तिथे दलदल छापलेली नसली तरी ती आहे असे समजूनच वेळ धरावा. वॉकहायलँड्स या २००६ पासून चालणाऱ्या संकेतस्थळावर अनेक वाटांची अवघडपणाची श्रेणी आणि चिखलाची श्रेणी दिलेली असते. ती नकाशाच्या जोडीला पाहणे शहाणपणाचे आहे. एक सावधगिरी बाळगावी: तेथील आखीव रेषा जशीच्या तशी फोनमध्ये उतरवून घेतली की माणूस नकाशा वाचणे सोडून देतो, आणि मग शांत टेकडीवर आल्याचा अर्धा आनंद हातचा जातो.

इंग्लंडमध्ये चालण्याची सवय असलेल्या वाचकांना या पत्रकावर आणखी एक गोष्ट खटकेल. इंग्लंड आणि वेल्सच्या एक्सप्लोरर नकाशांवर सार्वजनिक हक्काच्या वाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. येथे त्या रेघा दिसत नाहीत, आणि काही जणांना त्यामुळे या टेकड्यांवर चालण्यास मनाई आहे की काय, अशी शंका येते. वस्तुस्थिती उलट आहे. स्कॉटलंडच्या २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने, जो या हक्कांपुरता फेब्रुवारी २००५ पासून अमलात आला, बहुतेक सर्व जमिनीवर आणि अंतर्गत पाण्यावर जबाबदारीने वावरण्याचा हक्क सर्वांना दिला आहे. त्यामुळे नकाशावरील काळी तुटक रेघ येथे जमिनीवर दिसणाऱ्या वाटेची केवळ नोंद आहे. ती हक्क देतही नाही आणि हिरावूनही घेत नाही. घरांभोवतीचे अंगण, उभे पीक आणि काही मोजक्या जागा यांना हा हक्क लागू नाही. बाकी सर्वत्र स्कॉटिश आउटडोअर ॲक्सेस कोडमधील जबाबदाऱ्या पाळाव्या लागतात.

या जबाबदाऱ्यांच्या संदर्भात नकाशा एक मोलाचा इशारा देतो, पण तो वाचता यायला हवा. अशा टेकड्यांच्या उतारांवर ‘ग्राउस बट्स’ हे छोटे शब्द छापलेले आढळतात. रानकोंबड्यांसारख्या ग्राउस पक्ष्यांची शिकार करणारे लोक ज्या आडोशांत उभे राहतात, ते हे आडोसे. ग्राउसच्या शिकारीचा हंगाम १२ ऑगस्टला सुरू होऊन १० डिसेंबरला संपतो. त्या काळात आखलेली वाट या आडोशांच्या रांगेवरून जात असेल तर पायथ्याशी लावलेली सूचना वाचावी आणि त्या दिवशी शिकार असल्यास दुसऱ्या सोंडेने चढण्याचा पर्याय नकाशावर आधीच हेरून ठेवावा. मेंढ्यांच्या विण्याचा काळ साधारणतः एप्रिल आणि मे महिन्यांत असतो. तेव्हा कोकरांच्या कुरणांतून कुत्रा नेऊ नये. या गोष्टी कोणत्याही नकाशावर तारखांसह छापलेल्या नसतात, परंतु जागा मात्र छापलेल्या असतात, आणि जागा कळली की उरलेली चौकशी सोपी होते.

नकाशाच्या ताजेपणाविषयीही थोडे सांगणे आवश्यक आहे. जुन्या पुस्तकांच्या किंवा धर्मादाय संस्थांच्या दुकानांत एक्सप्लोरर नकाशे अत्यल्प किमतीला मिळतात आणि समोच्च रेषा काही बदलत नाहीत, म्हणून ते घेण्याचा मोह होतो. पण या परिसराच्या नैर्ऋत्येला, एम७४ महामार्गाच्या दोन्ही अंगांना, क्लाइड पवनऊर्जा प्रकल्प उभा आहे. सुरुवातीला त्यात १५२ पवनचक्क्या होत्या आणि २०१७ मध्ये पूर्ण झालेल्या विस्ताराने आणखी ५४ वाढल्या. त्यांच्याकडे जाणारे खडीचे रुंद रस्ते जुन्या पत्रकांवर असणे शक्य नाही. सूचिपर्णी झाडांच्या लागवडीचेही तसेच आहे. कागदावर गर्द हिरवे असलेले वन प्रत्यक्षात तोडून झालेले असते, किंवा मोकळ्या उतारावर नव्या रोपांभोवती हरणांना अडवणारे उंच कुंपण उभे असते. धुक्यात वाट शोधणाऱ्याने वनाच्या कडेवर विसंबणे म्हणूनच धोक्याचे आहे. ओढा आणि धार यांवर विसंबावे. नवीन पत्रक घेतानाही आत छापलेले आवृत्तीचे वर्ष पाहून घ्यावे, कारण मुखपृष्ठ ताजे दिसते म्हणून आतील सर्व माहिती तितकीच ताजी असेल असे नाही.

जुन्या नकाशांचा उपयोग मात्र वेगळ्या कारणासाठी आहे, आणि त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने आपल्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हेचे एकोणिसाव्या शतकातील नकाशे आजच्या उपग्रहचित्रांवर बसवून विनामूल्य ठेवले आहेत. मैलाला सहा इंच प्रमाणाच्या पहिल्या सर्वेक्षणाची पत्रके उघडून तीच टेकडी पाहिली की मेंढ्यांचे जुने गोल वाडे, मोडून पडलेली घरे आणि आता जलाशयाखाली गेलेली खोऱ्याची मूळ रचना दिसते. या उद्योगाने वाट सोपी होत नाही, पण दिवसभर ज्या जमिनीवरून चालायचे तिच्याविषयी कुतूहल जागे होते, आणि शांत टेकडीवर पाहण्यासारखे काही नाही ही तक्रार आपोआप मिटते.

या पत्रकाच्या प्रदेशाला नकाशाशास्त्राच्या इतिहासातही जवळचे स्थान आहे, हे थोडे विषयांतर असले तरी सांगतो. १७४५ च्या जॅकोबाइट बंडानंतर, म्हणजे पदच्युत स्ट्युअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या उठावानंतर, सैन्याला स्कॉटलंडचा विश्वसनीय नकाशा नसल्याचे जाणवले आणि १७४७ ते १७५५ या काळात देशाचे लष्करी सर्वेक्षण झाले. त्यातील प्रमुख नाव विल्यम रॉय हे होते आणि त्यांचा जन्म १७२६ साली येथून फार दूर नसलेल्या, क्लाइडच्या खोऱ्यातील कार्लूक गावाजवळ झाला. संपूर्ण ब्रिटनच्या सर्वेक्षणाचा त्यांनी आग्रह धरला, पण १७९० मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यानंतरच्या वर्षी ऑर्डनन्स सर्व्हेची स्थापना झाली. कल्टर फेलच्या माथ्यावर जो काँक्रीटचा स्तंभ आहे, तो १९३६ साली सुरू झालेल्या नव्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या काळातील स्तंभांपैकी आहे. उपग्रहांमुळे त्याचे मूळ काम संपले असले, तरी एक्सप्लोररवर तो निळ्या त्रिकोणाने दाखवलेला आहे आणि गोलसर, सपाट माथ्यावर सर्वोच्च बिंदू नेमका कोणता, हा वाद तो मिटवतो.

या स्तंभाचा जाळीसंदर्भ, म्हणजे नकाशावरील चौकोनांच्या जाळीत जागा सांगणारे अंक, एनटी ०५२ २९० असा आहे. आधी पूर्वेकडचे अंक, मग उत्तरेकडचे. सहा अंकांनी १०० मीटरपर्यंतची अचूकता मिळते. आखणी करताना माथा, खिंड आणि वाट सोडण्याची जागा यांचे संदर्भ एका चिठ्ठीवर लिहून तिची एक प्रत घरी ठेवावी. अपघात झाल्यास ९९९ वर फोन करून आधी पोलिसांची आणि मग पर्वतीय बचाव पथकाची मागणी करायची असते, आणि त्या वेळी हे सहा अंक सांगता आले तर बचाव पथकाचा शोध पुष्कळ आटोपशीर होतो. होकायंत्राच्या बाबतीत सध्या चालणाऱ्यांचे नशीब चांगले आहे. पूर्वी नकाशावरील उत्तर आणि चुंबकीय उत्तर यांत काही अंशांची वजाबाकी करावी लागे, पण आता दक्षिण स्कॉटलंडमध्ये हा फरक इतका घटला आहे की एका दिवसाच्या चालीत तो विचारात घेण्याचे कारण नाही.

नकाशा जे सांगूच शकत नाही, त्यात हवामान पहिले येते. माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस, म्हणजे मविस, ही स्पोर्टस्कॉटलंड या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या अर्थसाहाय्याने स्कॉटलंडसाठी चालणारी विनामूल्य सेवा या नकाशाची आवश्यक जोडीदार आहे. तिने स्कॉटलंडचे पाच विभाग केले आहेत आणि कल्टर फेल त्यांपैकी ‘सदर्न अपलँड्स’ विभागात येते. वाऱ्याचा वेग सांगून ती थांबत नाही. त्या वाऱ्याचा चालणाऱ्या माणसावर काय परिणाम होईल, ढग कोणत्या उंचीपर्यंत उतरतील आणि माथे ढगांबाहेर राहण्याची शक्यता किती टक्के आहे, हेही ती सांगते. तिच्या अंदाजातील ढगांची उंची घेऊन नकाशावरील तीच समोच्च रेषा पेन्सिलीने गडद करावी. आपल्या वाटेचा किती भाग ढगात जाणार हे एका क्षणात दिसते. हा नकाशा वापरण्याची ही माझी सर्वांत आवडती पद्धत आहे. दिवसाच्या लांबीचाही विचार हवाच. या अक्षांशावर जूनच्या अखेरीस साडेसतरा तासांहून थोडा अधिक प्रकाश असतो, तर डिसेंबरमध्ये जेमतेम सात तास. पाच तासांची चाल जूनमध्ये दुपारच्या जेवणानंतरही सुरू करता येते. डिसेंबरमध्ये मात्र सूर्योदयालाच पायथ्याशी असावे लागते, आणि बसने येणाऱ्याला ते बहुधा शक्य होत नाही.

कागदी पत्रकाच्या आत खरवडून उघडण्याचा एक सांकेतिक क्रमांक असतो आणि तो वापरून हेच पत्रक फोनवरील अॅपमध्ये उतरवून घेता येते. उपग्रहांवरून जागा कळण्यासाठी मोबाइलचे जाळे लागत नाही, त्यामुळे नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर खोऱ्यात सिग्नल नसतानाही निळा ठिपका आपली जागा दाखवत राहतो. ही सोय उत्तम आहे आणि मी ती वापरतो, पण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते आणि ओल्या हातमोज्यांना फोनचा पडदा दाद देत नाही. शिवाय आखणीच्या कामासाठी तो पडदा फारच लहान आहे. माथा, पर्यायी सोंड, जलाशय आणि गाव हे सारे एकाच वेळी डोळ्यांसमोर असल्याशिवाय ‘हवा बिघडली तर कुठून उतरायचे’ या प्रश्नाचे उत्तर नीट सुचत नाही.

साधा कागदी नकाशा आणि ‘ॲक्टिव्ह’ नावाचा पाणीरोधक थर दिलेला नकाशा, असे दोन प्रकार उपलब्ध आहेत. दुसरा बराच महाग, जड आणि जाड आहे; त्याच्या घड्या सुरुवातीला ताठ असतात आणि तो जॅकेटच्या खिशात सहजी मावत नाही. साध्या कागदाच्या घड्या जिथे एकमेकींना छेदतात, तिथे तो वापराने विरतो आणि पावसात त्याचा लगदा होण्यास वेळ लागत नाही. मालिकेतील अनेक पत्रके दोन्ही बाजूंनी छापलेली असल्यामुळे वाट नेमकी कडेवर आली, तर वाऱ्यात नकाशा उलटवण्याची कसरत करावी लागते. ती टाळण्यासाठी हवा तो भाग वर येईल अशी घडी घरीच घालून नकाशा पारदर्शक पिशवीत ठेवावा. जो वर्षातून एखाद्या वेळी या टेकड्यांकडे येणार आहे, त्याने साधा नकाशा आणि अशी पिशवी घ्यावी. एडिनबरा किंवा ग्लासगोमध्ये राहून ऋतू बदलेल तसे या भागात पुन्हा पुन्हा येणाऱ्याने ॲक्टिव्ह घ्यावा, आणि दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी तो पूर्ण उलगडून, आपल्याला हवी असलेली टेकडी त्याच पत्रकावर आहे आणि कडेला कापली गेलेली नाही, याची खात्री करून घ्यावी.